थीम गुलाबी, ठिकाण लोणी

साक्षगंध आटोपलं, पाहुण्यांच्या गाड्या अकोल्याकडे वळल्या आणि भाचीने घरात शब्द टाकला, ‘‘मामा, आता थीम ठरवावी लागेल.’’

घरात तेव्हा उरलेल्या पेढ्यांचा हिशेब चालला होता. तो थांबला. भाचीच्या आजोबांचे कान एरवी सोयीच्या शब्दांपुरतेच उघडे असतात, पण हा शब्द त्यांनी नेमका पकडला. ‘‘थीम म्हंजे काय असते वं माय?’’ भाचीने समजावून सांगितलं. अख्ख्या लग्नाला एक कल्पना, एक रंग. मांडव, कपडे, पत्रिका, जेवणाच्या टेबलावरचा कपडा, सगळं त्याच कल्पनेतलं. आजोबांनी पेढा तोंडात टाकला, तो पूर्ण विरघळू दिला आणि म्हणाले, ‘‘मंग थे तं आमच्या टाइमलेबी होती. उन्हाया.’’

आजोबा चुकले नव्हते. वऱ्हाडात लग्न उन्हाळ्यातच निघतं. कापूस विकलेला असतो, वावर रिकामं असतं, पोट्ट्यांच्या शाळा सुटलेल्या असतात. म्हणजे पैसा, वेळ आणि वाढपी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळण्याचे ते दोन महिने. सूर्यही नेमके तेच धरून बसतो. अकोल्याला २०२४ च्या मे महिन्यात उन्हापायी महिनाअखेरपर्यंत १४४ कलम लावलं होतं. दंगलीसाठी ठेवलेलं कलम उन्हाला लावायची वेळ आली, तरी त्या आठवड्यात आमच्या ओळखीतली एकही पत्रिका मागे फिरली नाही. पत्रिकेवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ छापलेलं असतं, ते अकोल्यात मे महिन्यापुरतं अक्षरशः खरं आहे.

नवरी अमरावतीची, नवरदेव अकोल्याचा. पूर्वी लग्न कुठे लावायचं हा प्रश्नच नव्हता. लग्न नवरीच्या दारी, जानोसा शेजारच्या शाळेत, विषय संपला. आता खर्च दोन्हीकडून निम्मा-निम्मा, आणि निम्मा खर्च करणारा माणूस पूर्ण मत देतो. इतिहासात वऱ्हाडात दोअमली होती, म्हणजे एकाच गावाचा वसूल निजामाकडेही जायचा आणि नागपूरकर भोसल्यांकडेही. शाळेत मला ती पद्धत काही केल्या कळली नव्हती. दोन व्याह्यांना एका मोबाईलवर हॉलचे फोटो पाहताना बघितलं आणि लगेच कळली.

अकोलेकरांचं म्हणणं असं की, पाहुणे आमचे जास्त. अमरावतीकरांचं म्हणणं असं की, हॉल आमचे चांगले. यावर कोणीतरी सुचवलं की, मधलं गाव घ्या, मूर्तिजापूर. भौगोलिक दृष्ट्या यात काही चूक नव्हती. मूर्तिजापूर तर मुळातच मिटवामिटवीसाठी वसवल्यासारखं गाव. यवतमाळकडून येणारी आणि अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे तिथेच मुंबई-नागपूरच्या मोठ्या लाइनीला भेटायची. पण लग्नाच्या बैठकीत भूगोल चालत नाही. ‘‘मूर्तिजापूरले काय हाय?’’ असं दोन्ही बाजू एकदम म्हणाल्या. दोन्ही घरांचं एकमत झालेला तो पहिला मुद्दा. मूर्तिजापूरच्या नवरदेवालाही सासुरवाडी शेवटी अमरावती किंवा अकोलाच लागते, असं माझ्या बहिणीने वर जोडलं. आमच्या सोयऱ्यात मूर्तिजापूरचे दोन नवरदेव आहेत. त्यातला एक त्या वेळी चहा घेत होता. त्याने कप खाली ठेवला.

याच अमरावती-अकोला रस्त्याची एक गोष्ट सांगतो. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांब डांबरी थर सलग टाकला गेला. वेळ लागला १०५ तास ३३ मिनिटं. गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटर आणि वर थोडं, त्यासाठी त्यांना दहा दिवस लागले होते. सातशेहून जास्त माणसं तीन तारखेच्या सकाळी सुरू झाली ती सात तारखेच्या संध्याकाळीच थांबली. आमची बैठक दिवाळीनंतर सुरू झाली आणि संक्रांत आली तरी लग्न या रस्त्याच्या कोणत्या टोकाला लावायचं हे ठरलं नव्हतं. आणि आमच्याकडे माणसं फक्त अकरा होती. मला वाटतं, अकरा होती म्हणूनच. सातशे असती तर कोणी कोणाचं ऐकलंच नसतं, आणि काम होऊन गेलं असतं.

दरम्यान भाचीने एक इव्हेंटवाला पोट्टा घरी बोलावला. अंगात काळा शर्ट, हातात टॅबलेट, सगळ्यांना ‘सर’ म्हणायचा. आजोबांना ‘सर’ म्हणाला तेव्हा आजोबांनी मागे वळून पाहिलं. त्याने थीम दाखवायला सुरुवात केली. पहिली राजस्थानी. पिवळी वाळू, उंट, मटके. भाऊजी, म्हणजे नवरीचे वडील, म्हणाले, ‘‘याले वेगळा खर्च कायले? मे महिन्यात अकोल्यात मांडव टाकला का झालं. उंट तेवढा आणा.’’ दुसरी पेशवाई. अकोलेकर व्याही इतिहासाचे वाचक निघाले. ‘‘आपण भोसल्यांच्या मुलखातले,’’ ते म्हणाले, ‘‘पेशव्यांचा आपल्याशी काय संबंध?’’ पोट्ट्याने लगेच ‘भोसले थीम’ टाइप करून पाहिलं. काही आलं नाही.

मग आलं डेस्टिनेशन. हा शब्द ऐकल्यावर माझी बहीण, जिने आयुष्यात नवस फेडायला सोडून कुठे प्रवास केलेला नाही, ती म्हणाली, ‘‘चिखलदरा करा ना!’’ आणि दोन मिनिटं सगळ्यांना ते पटलंही. साडेतीन हजार फुटांवरचं गाव, मे महिन्यातही रात्री पांघरूण लागावं अशी हवा, कॉफीचे मळे. पण परतवाड्यानंतरचा घाट आठवला. त्या घाटात दोन बसभर पाहुणे, पुढच्या सीटवर ज्येष्ठ मंडळी आणि सगळ्यांच्या पोटात सकाळची पुरी-भाजी. काय होईल ते कोणी बोललं नाही, पण आत्याबाईंनी सवयीने पर्समध्ये लिंबू चाचपलं. शेवटचा घाव आजोबांनी घातला. दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणाऱ्या कीचकाला भीमाने जिथे मारून दरीत टाकलं, ते कीचकदरा म्हणजे चिखलदरा, अशी आपल्याकडची समजूत आहे. ‘‘आता तितं पोट्टीचं लगन लावाचं?’’ चिखलदरा रद्द.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, डेस्टिनेशन वेडिंग आपण वऱ्हाड्यांनी कोणाकडून शिकावं? तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. तिथून अजूनही दरवर्षी आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. भावाने लग्न शिशुपालाशी ठरवलेलं. रुक्मिणीने काय केलं, तर कृष्णाला पत्र पाठवलं. भागवतातलं ते पत्र नीट वाचा. त्यात प्रेम आहेच, पण शेवटाकडे काटेकोर नियोजन आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तेव्हा या. म्हणजे ठिकाण तिने ठरवलं, वेळ तिने दिली, थीमही तिचीच, हरण. नवरदेवाकडे फक्त वाहतूक होती. अमरावतीची अंबादेवी म्हणजेच ते देऊळ, असं आमच्याकडे लहान मूलही सांगतं. सगळ्या लग्नाला एक पत्र आणि एक रथ पुरला.

‘‘आणि पाव्हणे?’’ बहिणीने विचारलं.

‘‘पाठलाग करत आले.’’

तिला ती व्यवस्था आवडली नाही. पण मला रुक्मिणीपेक्षा त्या लग्नातला रुक्मी जास्त आपला वाटतो. बहिणीचं लग्न आपल्या मनाविरुद्ध झालं म्हणून कृष्णाशी भांडायला गेला, हरला, आणि बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडण्यपुरात पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेतली होती म्हणून घरी आलाच नाही. वाटेतच भोजकट नावाचं नगर वसवून राहिला. ते भोजकट म्हणजे अमरावतीजवळची भातकुली, असं मानतात. लग्नात रुसलेले पाहुणे मी खूप पाहिले. कोणी पंगतीतून उठतो, कोणी आहेर परत करतो. पण रुसून तालुक्याचं ठिकाण उभं करणारा रुक्मीच पहिला. भातकुलीची अक्षरं जरा इकडची तिकडे केली की भातुकली होते, आणि पोरं भातुकलीतही शेवटी लग्नच लावतात, आणि त्यातही एक पोरगं रुसून घरी जातं.

आमच्या घरचे मोठे जवाईबापू, म्हणजे भाचीच्या आत्याचे यजमान, भातकुलीचेच. हे मी तेव्हा मुद्दाम बोललो नव्हतो. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हॉल पाहायला निघालो. अमरावतीत बडनेरा रोडने, कॅम्पात, गाडगेनगरकडे. अकोल्यात मूर्तिजापूर रोड, गोरक्षण रोड. चौदा लॉन पाहिले. लॉन म्हणजे हिरवळ, असा समज घरून घेऊन निघू नये. लॉन म्हणजे भिंत घातलेलं वावर, एका कोपऱ्यात नवरीची खोली, दुसऱ्या कोपऱ्यात नवरदेवाची खोली, आणि दोन्ही खोल्यांत एकच आरसा, जो नेहमी दुसऱ्या खोलीत असतो. खाली हिरवी प्लास्टिकची सतरंजी. एका ठिकाणी मालक म्हणाला, ‘‘ओरिजिनल गवतबी हाय, पण त्याचे वेगळे.’’

गाडगेनगरात संत गाडगेबाबांच्या समाधीवरून गेलो तेव्हा भाऊजींनी गाडी थांबवली. नमस्कार केला. लग्नासाठी कर्ज काढू नका, असं बाबा गावोगावच्या कीर्तनात लोकांना दटावून सांगायचे. त्यांचा देह १९५६ साली इथेच जवळ, वलगावला पडला. भाऊजी बराच वेळ हात जोडून उभे होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘‘वऱ्हाड तं १८५३ मंधीच कर्जापायी गेलं होतं ना? निजामानं फौजेचे पैसे थकवले अन् मुलूख इंग्रजाच्या हवाली केला.’’ मी म्हटलं, हो. ‘‘आपलं तेवढं नाई होनार,’’ ते म्हणाले आणि पुढच्या लॉनवाल्याला फोन लावला.

आता कूलरबद्दल. अमरावती-अकोल्याबाहेरच्या वाचकाला हे पटणार नाही, पण वऱ्हाडी लग्नाच्या जागेची निवड देऊळ, दिवा, दाराची कमान यांवर होत नाही, कूलरवर होते. लॉनवाल्याला पहिला प्रश्न, ‘‘जम्बो किती?’’ हा जम्बो म्हणजे पत्र्याचा, आत लाकडाच्या तंतूंची जाळी, खाली टाकीभर पाणी आणि मागे विमानाच्या पंख्याएवढा पंखा. चालू केला की तो बोलतो, बाकी कोणी बोलू शकत नाही. गुरुजी मंगलाष्टकं म्हणतात हे फक्त ओठांवरून कळतं. ‘सावधान’ कधी आलं ते पुढच्या रांगेतली बाई हात उचलते त्यावरून मागच्यांना समजतं. अक्षता टाकाव्यात नवरानवरीवर, त्या वाऱ्याने उलट येऊन टाकणाऱ्याच्याच डोक्यावर पडतात. चाळीस वर्षांपूर्वी लग्न झालेली माणसं एका मे महिन्यात पुन्हा चार-पाचदा लग्न लावून घेतात.

आणि मान. पूर्वी मान शेला-टोपीने मोजायचे, नारळाने मोजायचे. आता खुर्चीपासून जम्बोपर्यंतचं अंतर मोजतात. पहिल्या कूलरसमोर जवाई आणि व्याही, दुसऱ्यासमोर पुढारी, तिसऱ्यासमोर ऑफिसातले साहेब. मामा चौथ्याजवळ, जो बंद असतो. पाण्याच्या बादल्या भरणारा जो पोट्टा असतो त्याच्याशी ओळख असणं हे आमच्याकडे आमदाराशी ओळख असण्यापेक्षा उपयोगाचं आहे, निदान दुपारी बारा ते चार.

शेवटी ठिकाण ठरलं ते असं: पाहिलेल्या चौदांपैकी मुहूर्ताच्या तारखेला एकच लॉन रिकामं होतं. बडनेऱ्याच्या पुढे, लोणीच्या अलीकडे, हायवेला लागून. अमरावतीचे लोक ते अमरावतीत धरतात. अकोलेकरांची समजूत अशी घातली की, ते अकोला रोडवर आहे. दोन्ही खरं होतं. साडेतीन महिन्यांत पाहिलेले फोटो, मोजलेले स्टेज, घेतलेले चहा, यांपैकी कशाचाही या निर्णयाशी संबंध नव्हता.

थीम मात्र भाचीने सोडली नाही. तिला हवा होता गुलाबी, तोही फिका, धुऊन विटलेल्या शर्टासारखा. आत्याबाईंनी बस्त्याच्या दिवशी दुकानात तो रंग पाहिला आणि दुकानदाराला म्हणाल्या, ‘‘याच्यातला नवीन दाखवा.’’ शिवाय इव्हेंटवाल्या पोट्ट्याने सुचवलं की, रंग गुलाबी ठेवू आणि कल्पना ‘वऱ्हाडी’ करू. बैलगाडी, कंदील, पाटा-वरवंटा आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना कापसाचे गुच्छ. त्याने फोटो दाखवला. वाळलेल्या काड्या, त्यांवर फुटलेली पांढरी बोंडं. एका गुच्छाचे तीनशे रुपये, मुंबईहून मागवावे लागतील.

भाऊजींनी चष्मा लावला. फोटो मोठा करून पाहिला. दर्यापूर तालुक्यात त्यांचं सात एकर वावर आहे. ‘‘ही तं पऱ्हाटी हाय,’’ ते म्हणाले.

‘‘हो सर, ड्राय कॉटन स्टेम.’’

‘‘तीनशेले?’’

‘‘पाच काड्या असतात सर.’’

२०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. भाऊजींनी मनात काय गुणाकार केला ते मला माहीत आहे, कारण तोच मी करत होतो. जी पऱ्हाटी आम्ही चुलीत घालतो, कुंपणाला लावतो, कोणी नेली तर उपकार मानतो, तिच्या पाच काड्यांवर माणूस इतकी कमाई करतो आणि आपण कापूस वेचत बसलो. ‘‘मी देतो,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘ट्रॅक्टरभर देतो. फुकट.’’

लग्नाच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर आला. वावराच्या बांधावर रचून ठेवलेली, टोकाला चुकलीमाकली बोंडं असलेली खरी पऱ्हाटी. इव्हेंटवाल्या पोट्ट्याने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि हळूच मला म्हणाला, ‘‘सर, हे ओरिजिनल वाटत नाही.’’ तरी लावली. दुसरं काही हातात नव्हतं.

मुहूर्त अकरा वाजून पस्तीस मिनिटांचा. अकोल्याचं वऱ्हाड, जागतिक विक्रमाच्या रस्त्याने, दीड वाजता आलं. वाटेत मूर्तिजापूरला चहाला थांबले होते. संदल लागलं, पोट्टे नाचले, नवरदेवाचा फिका गुलाबी फेटा घामाने गडद होऊन अखेर आत्याबाईंच्या पसंतीचा झाला. स्टेजवर धुराची मशीन सोडायची होती, तर कॅमेरेवाल्याने हात वर केले: पहिला जम्बो बंद करा किंवा वळवा, धूर उडतो. जम्बो वळवला. वळवला म्हणजे मोठ्या जवाईबापूंसमोरून काढून वाजंत्र्यांकडे केला. जवाईबापू काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि घडी घालून परत ठेवला. ज्यांना ही घडी वाचता येते ते सगळे उठून त्यांच्याकडे धावले.

त्याच वेळी स्टेजवर दुसरंच सुरू झालं होतं. नवरदेवाचे काका अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले. आशीर्वाद द्यायला चढले, अक्षता हातात, आणि नजर गेली पऱ्हाटीवर. वाकले. एक बोंड तोडलं, नखाने फोडलं आणि तळहात सगळ्यांसमोर धरला. हॅलोजनच्या उजेडात आतून एक अळी निघाली होती. गुलाबी. फिका, धुऊन विटलेला, तंतोतंत भाचीच्या शालूचा गुलाबी. अख्ख्या लॉनमध्ये थीमला धरून असलेला तो पहिला पाहुणा.

‘‘मे महिना आला अन् पऱ्हाटी बांधावर?’’ काका गुरुजींच्या माइकवर बोलत होते. ‘‘अरे, ही गुलाबी बोंडअळी याच्यातच झोपून राह्यते अन् पाऊस आला का पतंग होऊन उडते! आम्ही तीस वर्सं सांगून राह्यलो, फरदड घेऊ नका, पऱ्हाटी ठेवू नका, कामगंध सापळे लावा!’’ कामगंध सापळ्यात मादीच्या वासाचा तुकडा ठेवतात, नर बिचारे ओढले येतात आणि अडकतात. काकांनी ही सगळी कृती अंतरपाटाच्या बाजूला उभं राहून, नवरदेवाकडे बोट करत समजावली. जम्बो वळवलेला असल्यामुळे पहिल्यांदाच एका लग्नातला शब्दन् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला. चार शेतकऱ्यांनी उठून शंकाही विचारल्या. गुरुजी घड्याळाकडे बघत थांबले होते.

लग्न लागलं. जेवणं सुरू झाली, बफे होता, पण आजोबांच्या वयाच्या तीस जणांनी सतरंजी टाकून पंगत करून घेतली. तेवढ्यात बहिणीचा निरोप आला. मोठे जवाईबापू न जेवता निघाले, गाडी भातकुलीकडे गेली, आत्ताच्या आत्ता जा आणि घेऊन ये.

मी स्कूटर काढली. तीन वाजले होते, डांबर चटके देत होतं. भातकुलीच्या वाटेवर एका टपरीपाशी त्यांची गाडी उभी दिसली. जवाईबापू बाकड्यावर बसले होते, पुढे गिला वड्याची प्लेट, आणि बाकड्याच्या टोकाला टपरीवाल्याचा लहानसा कूलर, तोंड थेट त्यांच्याकडे.

मी काही बोलायच्या आत त्यांनी जरा सरकून जागा केली.

‘‘बसा भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘इथं चांगली हवा हाय.’’ आणि टपरीवाल्याला माझ्यासाठी एक प्लेट सांगितली.